इंजिन हलत नाहीं तेव्हां

इंजिन चालू होत नाहीं, ही तक्रार ऐकावयास एकच असली तरी तिच्या पोटांत दोन अगदीं निराळे विकार असतात. एका विकारांत इंजिन फिरतें, घरघर करतें, परंतु पेट घेत नाहीं. दुसऱ्यांत तें फिरतच नाहीं. हँडल मारावें तर हात जागच्या जागीं अडतो; कळ दाबावी तर ‘टक्’ असा एक आवाज होतो, किंवा तोहि होत नाहीं. पहिल्या विकाराचें मूळ बहुधा तेलाच्या वाटेवर सांपडतें: टाकी रिकामी झालेली असते, गाळणी तुंबलेली असते, किंवा नळीनें हवा धरलेली असते. दुसऱ्याचें मूळ तेथें सहसा नसतें. तरीहि न फिरणाऱ्या इंजिनाची टाकी तपासणारे आणि गाळणी बदलणारे लोक गांवोगांव आढळतात. रोगाचें नांवच चुकलें तर औषध लागू कसें पडावें? आजच्या भाषणाचा विषय हा दुसरा विकार आहे. म्हणजे मुळींच न फिरणारें डिझेल इंजिन.

शहरांतील कुटुंबांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु वीज गेल्यावर रुग्णालयाचे दिवे पुन्हां लावणारें जनित्र, पहाटे दूध घेऊन येणारी गाडी, आणि चहांत पडणाऱ्या साखरेचा ऊस कारखान्यापर्यंत ओढून नेणारा ट्रॅक्टर, या साऱ्यांच्या पोटांत बहुधा हेंच इंजिन असतें. तें हलावयाचें नाकारतें त्या क्षणीं त्याच्यामागें उभी असलेली सारी व्यवस्था अडते. हा अडथळा कसा येतो आणि तो दूर कसा करावा, हें समजून घेण्यास कोल्हापूर जिल्ह्यांतील मुरगूड हें ठिकाण सोयीचें आहे.

मुरगूड हें कागल तालुक्यांतील, वेदगंगेच्या कांठचें, नगरपालिका असलेलें लहानसें शहर. सह्याद्रींत उगम पावलेली वेदगंगा पाटगांवचें धरण ओलांडून, गारगोटीवरून मुरगुडाकडे येते आणि पुढें दूधगंगेस मिळते. नदीवर ठिकठिकाणीं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला कीं त्यांना फळ्या बसवून पाणी अडवितात आणि तें उपसून दोन्ही तीरांवरील उसाला देतात. शहरालगतच्या तलावास कागलचे अधिपति सर पिराजीराव घाटगे यांचें नांव आहे. राजर्षि शाहू महाराजांचे ते धाकटे बंधु. पाण्याची ही अशी सोय असल्यामुळें या टापूंत ऊस मोठा, आणि बिद्री, हमीदवाडा, कागल येथील साखर कारखाने जवळ.

या उसानें आणि या पाण्यानेंच इंजिन येथें आणलें. पूर्वीं विहिरीवर मोट चाले आणि गुऱ्हाळांत उसाचा चरक बैल फिरवीत. पुढें दोन्ही कामें तेलावर चालणाऱ्या इंजिनानें उचललीं. महाराष्ट्रांत हीं इंजिनें घडविण्याचा उद्योगहि याच काळांत उभा राहिला. सातारच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिन तयार केलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडीस आरंभिलेल्या उद्योगाची तेलइंजिनांची शाखा १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें निघाली. कोल्हापूर शहरांत शिवाजी उद्यमनगराच्या ओतशाळा व यंत्रशाळा वाढल्या आणि तेथील ऑइल इंजिनें दूरदूरच्या शिवारांत गेलीं. आज नदीकांठचे बहुतेक पंप विजेवर चालतात, तरी डिझेल इंजिन गेलेलें नाहीं. तें आतां ट्रॅक्टरमध्यें आहे, मालमोटारींत आहे, आणि वीज नसेल तेव्हां उपयोगीं पडावें म्हणून पुष्कळ गोठ्यांच्या कोपऱ्यांत झांकून ठेवलेलेंहि आहे.

इंजिन फिरत कां नाहीं, हें कळण्यासाठीं तें फिरतें कसें, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरास या इंजिनाचें पेटंट १८९३ सालीं मिळालें, आणि १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन कसोटीस उतरलें. इंधनांतील उष्णतेपैकीं सुमारें २६ टक्के भाग त्यानें कामांत उतरविला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानानें हा आंकडा फारच मोठा होता. त्याची युक्ति अशी कीं, पेट्रोल इंजिनाप्रमाणें येथें विजेची ठिणगी नसते. नळकांड्यांत, म्हणजे सिलिंडरांत, हवा घेऊन दट्ट्या ती इतकी दाबतो कीं १६ भाग हवा एका भागाएवढ्या जागेंत कोंबली जाते. या दाबानेंच तिची उष्णता ५०० अंश सेल्सिअसच्या वर चढते, आणि तींत नोझलांतून तेलाचा फवारा सोडतांच तें आपोआप पेटतें.

जें या इंजिनाचें बळ, तीच त्याची अडचणहि आहे. इंजिन एकदां चालू झालें म्हणजे हवा दाबण्याचें काम जड चाकांत सांठलेली गति करते. परंतु पहिले फेरे कोणी द्यावयाचे? इंजिनाला स्वतःच्या बळावर उठतां येत नाहीं. बाहेरच्या कोणीतरी त्याला उठवावें लागतें. मोठ्या इंजिनांत हें काम दाबून ठेवलेल्या हवेनें करतात. लहान इंजिनांत माणसाच्या हातानें, हँडल मारून करतात. मोटारगाड्यांत विजेचा स्टार्टर १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडीबरोबर प्रचारांत आला, आणि पुढें ट्रॅक्टरांनीं व मालमोटारींनींहि तो घेतला. आपल्याकडील मिस्त्री त्याला ‘सेल्फ’ म्हणतात. तेव्हां न फिरणाऱ्या इंजिनाबद्दल विचारावयाचे प्रश्न दोनच: उठविणाऱ्याचें बळ कमी पडलें, कीं उठणाऱ्याचे पाय बांधलेले आहेत? सेल्फ दुबळा आहे, कीं इंजिन आंतून अडकलें आहे? या दोन प्रश्नांचा निवाडा होण्यापूर्वीं इंजिनाला कसलाहि जोर लावूं नये. पुढें सांगावयाच्या साऱ्या गोष्टी याच एका नियमांतून निघतात.

डिसेंबरची पहाट आहे. मुरगुडाच्या शिवारांत तोडकऱ्यांनीं आदल्या दिवशींच ऊस तोडून ट्रॉली भरली आहे. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्याचें वजन घटतें आणि साखरहि उतरते. म्हणून ट्रॅक्टर वेळेवर निघालाच पाहिजे. चालक कळ फिरवितो, आणि इंजिन हलत नाहीं. तो मिस्त्र्याला फोन लावतो. अनुभवी मिस्त्री अशा वेळीं पाने घेऊन धांवत सुटत नाहीं. आधीं बसल्या जागेवरून प्रश्न विचारतो.

“दिवे लागत्यात का?”

“लागत्यात की, मिस्त्री.”

“मग दिवे लावूनच सेल्फ मारा. मंद हुत्यात, का तसंच ऱ्हात्यात?”

हा प्रश्न साधा दिसतो. परंतु अर्धें निदान त्यांत आहे. दिवे तसेच लखलखीत राहिले व सेल्फनें आवाजहि केला नाहीं, तर बॅटरींत वीज आहे, पण ती सेल्फपर्यंत पोंचत नाहीं. वाटेंतला एखादा खटका, फ्यूज किंवा तार तुटक आहे. दिवे एकदम मंद होऊन विझूं लागले, तर वीज सेल्फकडे जाऊं पाहते आहे, पण ती अपुरी आहे. बॅटरी उतरली आहे, सांधा सैल किंवा गंजलेला आहे, अथवा इंजिनच इतकें अडकलें आहे कीं सेल्फचा सारा जोर तेथें संपतो. आणि दिवे मुळींच लागले नाहींत, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिची तारच निघाली आहे.

दिवे लागतात, मग बॅटरी उतरली कशी म्हणावी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचें उत्तर आंकड्यांत आहे. ट्रॅक्टरचा पुढचा एक दिवा १२ व्होल्टांवर साधारण ४ ते ५ अँपियर वीज घेतो. सेल्फ मात्र शेंकडों अँपियर मागतो. भाकरीच्या तुकड्यावर जो दिवसभर बसून राहूं शकेल, त्याला नांगर ओढण्यास सांगितल्यावर त्याची खरी ताकद कळावी, तसाच हा प्रकार आहे. म्हणून बॅटरीची परीक्षा ओझ्याखालीं करावी. भरलेली १२ व्होल्टांची बॅटरी स्वस्थ असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ व्होल्टांपर्यंत ती उतरली असेल तर तिच्यांत फारसें कांहीं उरलेलें नसतें. सेल्फ मारतांना दाब साडेनऊ व्होल्टांच्या खालीं गेला, तर एक तर बॅटरी दुबळी आहे किंवा इंजिन अवाजवी जड झालें आहे. कोल्हापूरकडची थंडी कडक नव्हे, तरी पहाटेच्या गारव्यांत बॅटरीचें बळ कमी होतें आणि इंजिनांतील ऑइल दाट होतें. त्यामुळें जी बॅटरी दुपारीं कसेंबसें काम भागविते, ती नेमकी पहाटे दगा देते.

बॅटरीवर आरोप ठेवण्यापूर्वीं तिच्या दोन टोकांकडे मात्र अवश्य पाहावें. तेथें पांढरा किंवा हिरवट क्षार सांचलेला असतो. तो दिसावयास क्षुल्लक, पण त्याची करणी मोठी. समजा, त्या सांध्यांत ओहमच्या एका शतांशाएवढाच विरोध उत्पन्न झाला. दिव्याच्या ५ अँपियर प्रवाहाला त्यामुळें व्होल्टाच्या विसाव्या भागाची तूट येते. ती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु सेल्फच्या २५० अँपियर प्रवाहाला तेथेंच अडीच व्होल्टांची तूट येते, आणि सेल्फ लुळा पडतो. म्हणून दिवा लागतो आणि इंजिन हलत नाहीं! अशा वेळीं नवी बॅटरी विकत आणणें म्हणजे नळाला गाळ धरला असतां नवी विहीर खणण्यासारखें आहे. तार सोडून, टोकें कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावीं, कोरडीं करावीं, घांसून स्वच्छ करावीं आणि तार घट्ट आवळावी. इंजिनाच्या अंगाला जोडलेल्या अर्थच्या तारेचें दुसरें टोंकहि तसेंच पाहावें. तें नजरेआड असल्यामुळें नेहमीं विसरलें जातें. तार सोडतांना ऋण टोंक आधीं सोडावें आणि जोडतांना तें शेवटीं जोडावें, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. भारित होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो स्फोटक असतो; तिच्याजवळ काडी ओढून पाहूं नये.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचें साहाय्य घ्यावयाचें असेल तर दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट सारखे आहेत याची खात्री करावी. ट्रॅक्टरची बहुधा १२ व्होल्टांची, तर मोठ्या मालमोटारीची पुष्कळदां २४ व्होल्टांची व्यवस्था असते. धन टोंकाला धन टोंक जोडावें, आणि शेवटची ऋण तार उतरलेल्या बॅटरीला न लावतां तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावी.

दिवे लखलखीत आहेत आणि सेल्फ गप्प आहे, असें असल्यास आधीं चालकानें स्वतःकडे पाहावें. पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय सेल्फला वीजच न मिळावी, अशी योजना केलेली असते. गिअरची दांडी एका बोटानें इकडे सरकलेली असते आणि माणूस तासभर तारा शोधीत बसतो! ही योजना त्रासदायक वाटून कित्येकजण ती काढूनच टाकतात. कोणी खालीं उभे राहून सेल्फच्या दोन टोंकांवर पेचकस टेकवितात आणि इंजिन फिरवितात. या युक्तीनें इंजिन उठतें, यांत संशय नाहीं. परंतु ट्रॅक्टर गिअरमध्यें असेल तर तो त्याच क्षणीं चालूं लागतो, आणि मोठें मागचें चाक, ज्याच्याशेजारीं तो मनुष्य उभा असतो, त्याच्या अंगावरून जातें. जगांत ट्रॅक्टर वापरला जातो त्या त्या देशांत माणसें अशा रीतीनें मेलीं आहेत. इंजिन सुरू करावयाचें तें चालकाच्या जागेवर बसूनच, हा नियम मोडण्याइतकी घाई कोणत्याहि उसाला नसते.

आतां दुसरा प्रश्न: वीज पुरेशी आहे, सांधे स्वच्छ आहेत, सेल्फ ‘टक्’ करून अडतो. मग इंजिनाचेच पाय कोठेंतरी बांधलेले आहेत. येथेंहि बाहेरून आंत जावें. इंजिनाला जोडलेलें यंत्र अडकलें असेल तर इंजिनहि हलत नाहीं. म्हणून पंपाचा किंवा चरकाचा पट्टा आधीं उतरवावा. गाळानें धरलेला पंप किंवा ऊस अडकून बसलेला चरक हा कित्येकदां खरा गुन्हेगार असतो, आणि शिक्षा मात्र इंजिनाला होते.

त्यानंतर बॅटरीची तार सोडून, गिअर मोकळा करून, इंजिन हातानें फिरवून पाहावें. हँडलच्या इंजिनांत मोठें चाक धरावें. इतरांत पुढच्या कप्पीच्या नटाला लांब पाना लावावा. चार धावांच्या इंजिनाचें एक आवर्तन दोन फेऱ्यांत पुरें होतें; म्हणून पूर्ण दोन फेरे होतात कीं नाहीं, तें पाहावयाचें. मध्येंच हाताला जो विरोध लागतो त्याची जात ओळखावी. तो रबरासारखा लवचिक असेल, जोर धरून ठेवल्यावर हळूहळू सुटत असेल, तर ती दाबलेली हवा आहे. ती निरोगी इंजिनाची खूणच होय. परंतु हात दगडावर आपटल्यासारखा एकाच जागीं थांबत असेल, तर तेथेंच थांबावें. आंत कांहीं मोडून अडकलें आहे, किंवा सिलिंडरांत पाणी शिरलें आहे.

पाण्याची ही गोष्ट नदीकांठच्या गांवांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत कोल्हापूर जिल्ह्यानें महापूर पाहिले. पुराचें पाणी चढूं लागलें म्हणजे नदीकांठच्या मोटारी आणि इंजिनें उचलून वर नेण्याची शेतकऱ्याची धांदल उडते. सर्वांनाच तें साधतें असें नाहीं. पाणी ओसरल्यावर चिखल धुवून इंजिन बाहेरून स्वच्छ दिसूं लागतें, आणि ‘एकदां फिरवून तर पाहूं’ असा मोह होतो. हा मोह फार महाग पडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. ५ अश्वशक्तीचें, ८० मिलिमीटर व्यासाचें आणि ११० मिलिमीटर धावेचें इंजिन घेतलें, तर दट्ट्या अगदीं वर असतांना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा सुमारें ३६ घनसेंटिमीटर भरते. म्हणजे अडीच मोठे चमचे पाणी आंत राहिलें तरी दट्ट्याची वाट बंद झाली! हातानें फिरविणारा माणूस तेथें अडेल आणि थांबेल. परंतु सेल्फ थांबत नाहीं. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरनें ओढला तर तोहि थांबत नाहीं. मग वांकतो तो दट्ट्याचा दांडा, आणि फुटतें तें इंजिनाचें अंग. पाण्यानें इंजिन मोडत नाहीं. पाण्यावर केलेल्या जबरदस्तीनें मोडतें.

याचा उपाय सोपा आणि संयमाचा आहे. नोझल काढून घ्यावें, म्हणजे पाण्याला बाहेर पडण्यास वाट होते. त्या छिद्रासमोर तोंड न आणतां इंजिन हातानें सावकाश फिरवावें. पाणी पिचकारीसारखें बाहेर येतें. ऑइलची दांडी काढून पाहावी. ऑइल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांतहि पाणी मिसळलें आहे. तें सर्व काढून, नवें घालून, थोडें चालवून पुन्हां बदलावें. हवेची गाळणी, तेलाची टाकी व नळ्या रिकाम्या करून कोरड्या कराव्या. आणि हें काम पूर ओसरतांच करावें. कारण पाणी गेल्यानंतर गंजाचें काम सुरू होतें, आणि गंज थांबून राहत नाहीं. पुराखेरीजहि पाणी आंत येऊं शकतें: उभ्या सायलेन्सरमधून वळीव पावसाचें, किंवा हेडचें गास्केट फुटल्यामुळें थंडाव्याच्या पाण्याचें. पावसाळ्यांत उभ्या ठेवलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरवर जुना डबा उपडा घातलेला दिसतो, तो उगीच नव्हे. त्या डब्याची किंमत कांहींच नाहीं, पण त्याखालीं वाचणाऱ्या इंजिनाची बरीच आहे.

वर्षभर न वापरलेलें इंजिन पाण्यावांचूनहि जाम होतें. दट्ट्यावरील रिंगा गंजून सिलिंडराला चिकटतात. येथेंहि हातोडा हा वैद्य नव्हे. नोझलच्या छिद्रांतून डिझेल आणि ऑइल यांचें मिश्रण थोडें सोडावें, एक-दोन दिवस मुरूं द्यावें, मग चाक थोडें पुढें, थोडें मागें असें हलवीत राहावें. एका केंसाएवढें हललें तरी काम अर्धें झालें. तें पूर्ण फिरूं लागल्यावर आंत राहिलेलें तेल बाहेर काढून मगच नोझल बसवावें. परंतु इंजिन चालतां चालतां तापून अडकलें असेल, तर तें पूर्ण निवूं द्यावें; त्यावर गार पाणी ओतूं नये, कारण तापलेलें बीड एकदम निवलें कीं तडकतें. तें निवल्यावर फिरूं लागलें, तरी पाणी कां आटलें किंवा ऑइल कां संपलें, याचा शोध लागेपर्यंत तें चालवूं नये.

शेवटीं हँडलच्या इंजिनाविषयीं. त्याच्या डोक्यावर एक लहानसा खटका असतो. तो उचलला म्हणजे झडप थोडी उघडी राहते, हवा दाबली जात नाहीं, आणि चाक हलकें फिरतें. चाकांत पुरेशी गति भरली कीं खटका खालीं पाडतात; चाकाचा वेग दट्ट्याला दाबाच्या शिखरावरून पार नेतो आणि इंजिन धरतें. हा खटका झिजला असेल तर धडधाकट माणसालाहि इंजिन हलत नाहीं, आणि तो बिचारा आपल्या दंडांना दोष देत बसतो. हँडल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मूठ पूर्ण आवळूं नये. इंजिन उलट लाथ मारतें तेव्हां मोकळी मूठ सुटून जाते. आवळलेली मूठ मनगटासह मोडते. धोतराचा सोगा, पदर, गळ्यांतील रुमाल फिरत्या चाकापासून दूर असावा. हा उपदेश जुन्या मिस्त्र्यांकडून मुलांना पहिल्या दिवशींच मिळत असे, आणि त्या मिस्त्र्यांपैकीं कित्येकांचीं मनगटेंच त्याची साक्ष देत.

मुरगूडच्या त्या पहाटेकडे पुन्हां वळूं या. चालकानें दिवे लावून सेल्फ मारला. दिवे मंद झाले. बॅटरीच्या टोंकाला हात लावून पाहिलें, तों तें ऊन लागलें. ऊन सांधा म्हणजे अडलेली वीज. तार सोडली, क्षार धुतला, टोंक घांसलें, पुन्हां आवळलें, आणि इंजिन पहिल्या कळीला उठलें. खर्च झाला तो चिमूटभर सोड्याचा आणि पाव तासाचा. हेंच प्रथम शेजारच्या ट्रॅक्टरला दोर बांधून भरल्या ट्रॉलीसकट ओढलें असतें तर? कदाचित् इंजिन उठलें असतें, आणि सांधा तसाच राहून दुसऱ्या दिवशीं कारखान्याच्या रांगेंत अडलें असतें. कदाचित् दोर तुटून कोणाच्या तरी अंगावर आला असता. आणि आंत पाणी असतें, तर ट्रॅक्टर त्या हंगामापुरता शेतकऱ्याच्या हातून गेलाच असता.

लहान शेतकऱ्याचें किंवा भाड्यानें वाहतूक करणाऱ्याचें सारें भांडवल पुष्कळदां एका इंजिनांत अडकलेलें असतें. त्यावरचें कर्ज हप्त्याहप्त्यानें फिटत असतें आणि ऊस हंगामांतच जावयाचा असतो. म्हणून त्याची घाई समजण्यासारखी आहे. पण त्या घाईचें नुकसानहि त्यालाच सोसावें लागतें. आधीं डोळ्यांनीं पाहावें, मग दिव्यानें विचारावें, मग हातानें फिरवावें, आणि या तिघांनीं उत्तर दिल्यावरच पाना उचलावा. स्वस्त तपासणी आधीं, महाग मागून. बाहेरची आधीं, आंतली मागून. हा क्रम कोणत्याहि शेतकऱ्याला, आणि शहरांत इमारतीच्या जनित्रापुढें हतबुद्ध होऊन उभ्या राहणाऱ्या गृहस्थालाहि, पाळतां येण्यासारखा आहे. जें इंजिन हलत नाहीं, तें बहुधा मेलेलें नसतें. तें कशानें तरी धरलेलें असतें. तें कशानें धरलें आहे हें कळेपर्यंत हात आवरणें, हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.